कचरा वाचल्याशिवाय फेकायचा नाही

जुन्या नोकरीतले किस्से कधी साठतात ते कळत नाही. आपण रोजचं काम करत असतो, वैतागत असतो, संध्याकाळच्या एस.टी.कडे डोळे लावून बसलेले असतो. मग पंधरा-वीस वर्षांनी चार मित्र जमले की लक्षात येतं, अरेच्चा, आपल्याकडे तर पोतंभर माल आहे! माझं पोतं जरा विचित्र आहे. त्यातले किस्से ऐकताना लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "देशमाने, हे खरंच झालं होतं?" मी हो म्हणतो. पुढचं मलाही माहीत नाही.

तेव्हा जिकडेतिकडे खाजगी कॉलेजं निघत होती. एस.टी.डी. बूथवाले काचा बदलून 'सायबर कॅफे' लिहीत होते. केजहून धारूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका उघड्या माळावर असंच एक इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं, आणि त्याचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. सोबतीला केजचा जाधवर, लॅब असिस्टंट. सर्व्हरची खोली इमारतीच्या टोकाला होती. खिडकीबाहेर कुसळं आणि वारा, आत पंख्यांची घरघर. दिवसाढवळ्यासुद्धा तिथं एकट्यानं बसवत नसे. हे मी जाधवरला कधी सांगितलं नाही, आणि त्यानं मला!

*

पहिला किस्सा साधाच आहे.

कॉलेजच्या मेलवर फिशिंगचा सुळसुळाट झाला होता. फिशिंग म्हणजे चोराचं पत्र. बँकेचं सोंग घेऊन येतं. 'आपले खाते चोवीस तासांत बंद होत आहे, ताबडतोब पासवर्ड कळवा.' आमचे प्राध्यापक भाबडे. दोघांनी कळवला!

मग मी फिल्टर बसवला. तो प्रत्येक मेलला मार्क देई. दर 'अर्जंट'ला एक, मोठ्या अक्षरातल्या दर ओरडण्याला दोन, दर धमकीला तीन, आणि मजकूर अनोळखी पत्त्यावरून असेल तर वर एक जादा. पाचाच्या वर गेलं की मेल थेट 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये. जास्त मार्क पडले की नापास होण्याची आमच्या कॉलेजातली ही एकमेव जागा.

आठवडा शांततेत गेला. मी खूश. मग प्राचार्यांनी बोलावून घेतलं. विद्यापीठाच्या बैठकीला आमच्याशिवाय सगळी कॉलेजं हजर होती म्हणे. कचरा उपसला तर विद्यापीठाची सहा परिपत्रकं निघाली. 'अत्यंत तातडीचे! विहित मुदतीत माहिती न पाठविल्यास संलग्नता रद्द करण्यात येईल!' फिल्टरनं इमानदारीत नऊ-नऊ मार्क दिले होते.

जाधवरनं एका हातात परिपत्रक धरलं, दुसऱ्या हातात चोराचं पत्र. दोन्ही वाचली आणि म्हणाला, "सर, फिल्टरचं काय चुकलं बरं?"

*

या घोळानंतर कचरा रोज नजरेखालून घालायचा असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता आवक-जावकचे अप्पा दारात उभे!

अप्पा म्हणजे मन्मथप्पा कोरे. राहणार धारूर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, काखेत दोन रजिस्टरं. कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक नंबर, जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक नंबर. रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं उरली होती, पण एक नंबर कधी चुकला नव्हता.

"देशमाने सर, ही कचऱ्यातली पत्रं कॉलेजच्या नावानं आलीत का न्हाई?"

"आलीत, पण..."

"मग त्यास्नी आवक नंबर कावून न्हाई?"

मी समजावलं की अप्पा, ही चोरांची पत्रं आहेत. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चोर असंल. पर पत्र तर आलंय ना?"

त्या दिवसापासून फिशिंग मेलची प्रिंट निघू लागली. जांभळा शिक्का, नंबर, तारीख, आणि फाइल प्राचार्यांच्या टेबलावर. प्राचार्य वाचत नसत. एका फाइलवर 'आपला पासवर्ड त्वरित कळवावा' या ओळीसमोर साहेबांचा शेरा आला: 'तपासून नियमानुसार कार्यवाही करावी.'

जाधवरनं विचारलं, "सर, आता काय करायचं?"

मी फाइल अप्पांकडे दिली. साहेबांचा आदेश होता!

*

कार्यवाही अप्पांनी केली. आवक नंबर पडलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. ते मला मजकूर तोंडी सांगत आणि मी निमूट इंग्रजीत टाइप करी. 'आपले पत्र मिळाले. तथापि सदर पत्र संस्थेच्या लेटरहेडवर नसून त्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही व गोल शिक्का नाही. तरी साक्षांकित प्रतीसह फेरसादर करावे.' वर जावक नंबर. आणि हे जगातल्या चोरांना!

एका चोराचं उत्तरही आलं. 'आपले जावक पत्र क्र. ५४१ मिळाले. गोल शिक्का म्हणजे नेमके काय?' आम्ही पोट धरून हसलो. अप्पा हसले नाहीत. त्यांनी त्याला शिक्क्याचा नमुना पाठवला.

हे सगळं मी गंमत म्हणून चालू दिलं. एकदा मी रजेवर होतो, तेव्हा जाधवरनं टाइप केलेलं एक पत्र नंतर माझ्या पाहण्यात आलं. खाली सहीच्या आधी, रोमन लिपीत, पण मराठीत एक ओळ जास्त होती.

'तिकडे शिवराज मन्मथ कोरे नावाचा मुलगा दिसल्यास, अप्पाने विचारले आहे म्हणून सांगावे.'

जाधवर खाली बघत म्हणाला, "सर, तुमच्यापाशी लाजत्यात ते. माझ्याकडनं लिवून घेत्यात. परत्येक पत्रावर हाय, तुमी टायपून उठलात की धाडायच्या आधी घालतो."

शिवराज हा अप्पांचा एकुलता मुलगा. आय.टी.आय. करून एजंटामार्फत आखातात गेलेला. घरी फोन नव्हता, म्हणून तो कॉलेजच्या मेलवर खुशाली कळवायचा. त्याचा शेवटचा मेल मीच अप्पांना वाचून दाखवला होता, 'अप्पा, दुसऱ्या कंपनीत नेत आहेत. नवीन पत्त्यावरून मेल करतो.' त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. एजंटाचं ऑफिस बंद. वकिलातीला अर्ज गेले, पोच आली, पुढं काही नाही.

नवीन पत्ता म्हणजे अनोळखी पत्ता. अनोळखी पत्त्याला माझा फिल्टर मार्क देणार. अप्पांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण हे बरोबर कळलं होतं. पोराचं पत्र आलंच तर ते कचऱ्यात येणार!

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी खुर्ची पुढं केली आणि म्हणालो, "अप्पा, ती ओळ मला सांगत चला. मी इंग्रजीत नीट लिहीन."

अप्पा खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "सर, एक शब्द द्या. कचरा वाचल्याबिगर फेकायचा न्हाई."

मी शब्द दिला.

*

हंगे सरांचा किस्सा त्यानंतरचा.

हंगे सर मेकॅनिकलचे. सहलीची बस गेवराईजवळ थांबली होती, तिथं रस्ता ओलांडताना ट्रकनं उडवलं. जागच्या जागी गेले. तेराव्याचं जेवून स्टाफ परत आला, कॉम्प्युटर चालू केले, आणि वरच्या मजल्यावरून ओरडा ऐकू आला. सगळ्यांच्या मेलमध्ये हंगे सरांचं पत्र! 'माझ्याकडे आपली माहिती अपुरी आहे. आपण अजून तिथेच आहात याची खात्री करून कळवावे.'

मी सगळ्यांना समजावलं. चोर कुणाचंही नाव प्रेषक म्हणून घालू शकतो, हंगे सरांचा पत्ता कुठून तरी त्याच्या हाती लागला, एवढंच. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी निघून गेले. आमच्याकडे मरणाची बातमी आलेलं कार्ड वाचून लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत. जाधवरनं त्या मेलची प्रिंट काढली, फाडली, तुकडे माळावर उडवून आला आणि पाय धुऊन मगच आत शिरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पत्र. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी हंगे सरांचं नाव फिल्टरमध्ये घातलं, तरी आलं. का आलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी अप्पा म्हणाले, "नियमानं उत्तर द्या, थांबतंय." त्यांनी मजकूर सांगितला: 'आपण दिनांक अमुक पासून संस्थेच्या सेवेत नाहीत. सबब मागितलेली माहिती आपणास देता येत नाही. हे प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'

त्यानंतर हंगे सरांचं पत्र आलं नाही. जाधवर म्हणाला, "नोकरीतबी सरांनी कधी आर्डर मोडली न्हाई."

*

लोडशेडिंगचे दिवस होते. एकदा दिवसभर वीज गेली, बॅटऱ्या संपल्या, आणि सर्व्हर पुन्हा चालू झाला तेव्हा त्याच्या आतल्या घड्याळाचा सेल मेला होता. त्या सकाळी आलेल्या सगळ्या टपालावर सर्व्हरनं तारीख घातली, १ जानेवारी १९७०.

माझ्या लक्षात येईपर्यंत अप्पांनी सतरा पत्रांना आवक नंबर दिले होते. समोर तारीखही इमानदारीत तीच!

"अप्पा, अहो, तेव्हा हे कॉलेज कुठं होतं?"

"कॉलेज कुठलं? शिवराजची आई बी घरात आली नव्हती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे आधी टपाल आलं, मग कॉलेज झालं. व्हतंय असं एखाद्या बारीला."

मी हसलो. सेल बदलून घेतला. जाधवरला ताकीद दिली की रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांशी सर्व्हरचं घड्याळ लावून बघायचं आणि भिंतीवरच्या कागदावर टिक करायची. जाधवरनं ते काम कधी चुकवलं नाही. हे लक्षात ठेवा.

*

आणि मग एका चोरानं ती ओळ वाचली.

उत्तर आलं, 'जावक क्र. ५८८ संदर्भात. तुमचा मुलगा शिवराज आमच्याकडे सुखरूप आहे. पुढील माहितीसाठी तुमचे नाव, जन्मतारीख, बँकेचे नाव व पासवर्ड कळवा.' फिल्टरनं अकरा मार्क दिले होते.

मला ते अप्पांना दाखवायचं नव्हतं. पण शब्द दिलेला. वाचून दाखवलं. अप्पांनी रजिस्टर मिटलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, आता हे म्हणतील की जे मागतात ते देऊन टाका.

अप्पांनी पाणी मागितलं. प्याले. मग म्हणाले, "सर, ते आपली वळख विचारत्यात. आपण त्यांची इचारू. लिवा: शिवराज जाताना त्याच्या आईनं त्याच्या मनगटाला काय बांधलं?"

तीन दिवसांनी उत्तर आलं, 'सोन्याचे घड्याळ.'

अप्पांनी त्या पत्रावर 'निकाली' असा शेरा मारला आणि म्हणाले, "ह्यो आमचा न्हाई. आमच्यात सोन्याचं घड्याळ कुनी बघितलंय?"

"मग काय बांधलं होतं?" जाधवरनं विचारलं.

"ते आता कशाला सांगू? पर ह्यो प्रश्न जळाला. चोरानं एकदा ऐकला की संपला. हितनं पुढं परत्येक पत्रात नवा प्रश्न घालायचा. पत्र जायच्या दिवशीच सुचंल तो. आधी कुनालाबी सांगायचा न्हाई, तुमालाबी न्हाई."

तेव्हापासून तसंच सुरू झालं. जावक पाचशे शहाण्णव: घरात शिरताना डोकं कशाला लागतं? जावक सहाशे चार: तुझ्या शाळेच्या पिशवीवर कशाचं चित्र होतं? त्यांना उत्तरं माहीत, शिवराजला माहीत, तिसऱ्या कुणाला नाही. मी टाइप करत होतो आणि न बघितलेल्या त्या पोराची मला ओळख होत चालली होती.

*

कोऱ्या पत्राचा किस्सा जाधवर सांगतो तेव्हा अंगावर काटा आणतो. मी आपला सरळ सांगतो.

रोज अकरा वाजता अप्पा दारातून आत आले की एक मेल येई. विषय नाही, मजकूर नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता रोज वेगळा. फिल्टर शून्य मार्क देई. मार्क द्यायला आत काही असावं लागतं ना!

मी जाधवरला सांगितलं की यात घाबरण्यासारखं काही नाही. पत्ता जिवंत आहे का मेला, हे बघायला चोर असं कोरं मेल टाकतात. परत आलं नाही तर पत्ता जिवंत.

"पर अकरालाच कावून?"

"यंत्रावर वेळ लावली असेल."

जाधवर इरेला पेटला. दुसऱ्या दिवशी त्यानं अप्पांना व्हरांड्यात अडवून चहा पाजला, गप्पा मारल्या, केजच्या बाजाराचे भाव सांगितले. अकरा वाजले. साडेअकरा. बारा. मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो. काही आलं नाही. एक वाजून दहा मिनिटांनी अप्पांनी उंबरा ओलांडला आणि मेल आलं.

जाधवरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं अप्पांना सगळं सांगून टाकलं. अप्पा मात्र घाबरले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "हितं यायच्या आधी पोस्टात हुतो, तवा असली कोरी कार्डं लई बघितली मी. ज्याला लिवता येत न्हाई ना, त्यो कोरंच धाडतो. घरच्यास्नी कळतंय, मानूस बरा हाय."

मी म्हणालो, "अप्पा, शिवराजला तर लिहिता येतं."

"येतं," अप्पा म्हणाले. "लिवू देत नसतील."

ते कोरं मेल महिनाभर आलं. मग एक दिवस अप्पा आले आणि मेल आलं नाही. अप्पा संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

कार्तिक पौर्णिमा आली की अप्पा पायी कपिलधारच्या यात्रेला जात. त्या वर्षी आठ दिवसांची रजा घेतली होती. जाण्याआधी माझ्या टेबलावर हात ठेवून म्हणाले, "सर, कचरा तेवढा वाचत ऱ्हावा." मी म्हणालो, "जा हो अप्पा, निवांत जा."

दुसऱ्याच दिवशी फिशिंगचा लोंढा आला. हजारांनी. सर्व्हरची डिस्क कचऱ्यानंच भरली आणि चांगलं टपाल अडकलं. परीक्षेचे फॉर्म चालू होते. प्राचार्य स्वतः सर्व्हरच्या खोलीत आले आणि जाधवरसमोर मला नको नको ते बोलले. मी चिडलो. फिल्टरमध्ये एकच ओळ बदलली. पाचाच्या वर मार्क पडले की आता कचऱ्यात ठेवायचं नाही, आल्या आल्या पुसून टाकायचं. अप्पा परत यायच्या आत जुनी ओळ पुन्हा घालू, असं मनाशी म्हणालो. आठ दिवस कोण वाचतंय!

पुसलेल्या मेलचा मजकूर राहत नाही. सर्व्हरच्या आतल्या नोंदवहीत फक्त एक ओळ राहते. कुठून आलं, विषय काय, किती वाजता, आणि 'पुसले'. त्या शनिवारी किती कचरा गेला ते बघायला मी आणि जाधवर ती नोंद चाळत होतो. औषधं, लॉटऱ्या, बँका. मधेच मंगळवारची एक ओळ आली. सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. विषय: 'तुमचे जावक क्र. ६२७. छत्री.'

इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपला, छत्री.

"घ्या!" मी म्हणालो. "आता चोर छत्र्याही विकायला लागले!" जाधवर खो खो हसला. आम्ही पुढं सरकलो.

सोमवारी सकाळी मी जुनी ओळ परत घातली. अकरा वाजता अप्पा आले. पायाला फोड, तोंडावर ऊन, हातात प्रसादाची पुडी. बसायच्या आधीच विचारलं, "काय आलतं का?"

"काही नाही," मी म्हणालो. किती सहज खोटं बोललो मी!

"वाचलं न्हवं सगळं?"

"वाचलं."

अप्पांनी मान हलवली. रजेआधीचं एक फिशिंग पत्र उत्तराविना राहिलं होतं, ते काढलं. जावक रजिस्टर उघडलं. त्यांच्या रजेत जावक बंद होती, शेवटची नोंद ६२६. त्याखाली त्यांनी सावकाश ६२७ लिहिलं.

तो आकडा कुठंतरी बघितल्यासारखा वाटला. कुठं, ते आठवेना. मी टाइप करायला घेतलं. नेहमीचा मजकूर, लेटरहेड, गोल शिक्का, शिवराजची ओळ. मग अप्पांनी डोळे मिटले.

"प्रश्न लिवा. वाटंत चालताना सुचलाय. घाटात जीपवरनं काय पडलं?"

माझी बोटं थांबली.

"अप्पा," मी विचारलं, "याचं उत्तर काय आहे?"

एरवी त्यांनी सांगितलं नसतं. त्या दिवशी देवाचं दर्शन घेऊन आले होते, मन भरलेलं होतं. म्हणाले, "त्याला बीडला सोडाया निघालतो. सामान टपावर. त्याची आई येडी, तिकडं ऊन लई म्हणून भर उन्हाळ्यात छत्री दिली. धारूरच्या घाटात वळणावर सटाकली आन गेली खाली दरीत. आमी दोघंच मागं बसलो हुतो, दोघांनीच बघितली. जीपवाला काय थांबला न्हाई. शिवराज म्हनला, अप्पा, आईला सांगू नका." ते हसले. "म्यां अजून सांगितलं न्हाई."

जाधवर दाराशी उभा होता. त्यानं भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मीही बघितलं. मंगळवारी टिक होती. सगळ्या दिवसांना टिक होती. घड्याळ बरोबर होतं.

मी म्हणालो, "अप्पा, हा नंबर नका देऊ. ६२८ द्या. ६२७ सोडून द्या."

"कावून?"

"असंच."

अप्पांनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "नंबर सोडता येत न्हाई, सर. एक नंबर कोरा सोडला की मागनं त्यात कुनीबी कायबी घुसवतंय. धाडा."

मी पाठवलं. दुसरं काय करणार होतो?

अप्पांनी रजिस्टरात ६२७ समोर तारीख घातली. अशा पत्रांसाठी त्यांनी पानाच्या कडेला लाल शाईनं एक जादा रकाना आखला होता: 'उत्तर आल्याचा दिनांक'. वरपासून खालपर्यंत तो जवळजवळ कोराच होता. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन माझ्यापुढं सरकवलं.

"हे तेवढं तुमीच भरत जा आता," अप्पा म्हणाले. "उत्तर आलेलं आधी तुमालाच कळतंय."